दिवाणाखालची लोकर

पत्र सोलापूरहून आलंय. लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या, एका शाळेत लिपिक. पूर्व भागात वाढल्या. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, आई घरी विड्या वळायची. लग्नानंतर त्या जुळे सोलापुरात आल्या. दोन वर्षांपूर्वी मुलगा शिकायला जर्मनीला गेला आणि पाठोपाठ मुलगी नोकरीसाठी पुण्याला. संध्याकाळी हात रिकामे राहायला लागले म्हणून त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून लोकरीचं विणकाम सुरू केलं. आज त्यांची चार कामं अडकून पडली आहेत. मुलासाठीचा निळा स्वेटर पाठ आणि पुढचा भाग होऊन थांबलाय, कारण तो फारच लहान झालाय. भाचीच्या बाळासाठीचं पिवळं ब्लँकेट अर्ध्यावर असताना लोकर संपली. नवी आणली तर रंगात रेघ दिसते, आणि बाळ आता दोन वर्षांचं झालंय. राखाडी मोज्यांच्या जोडीतला एकच झालाय. मोरपिशी जाळीची शाल तीनदा उसवून झाली. याशिवाय न उघडलेल्या लोकरीची एक पिशवी दिवाणाखाली आहे, तिचा पत्ता यजमानांना नाही. यजमान म्हणतात, "एवढ्या पैशांत चार स्वेटर विकत आले असते." आणि घरच्या एका कार्यक्रमात थोरल्या जाऊबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तुझ्या त्या स्वेटरला हात फुटले का?"

ताई विचारतात : "माझे वडील पाळीला ठरलेले नग काढायचे. मला दोन वर्षांत एक नग पुरा करता येत नाही. हा नाद सोडून द्यावा, की आधीचं सगळं पुरं केल्याशिवाय नव्या लोकरीला हात लावायचा नाही अशी शपथ घ्यावी?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात अडकलेली चार कामं दिसली. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, तर 'नग' हा शब्द सहा वेळा सापडला. विणकामाबद्दल पत्र लिहिणाऱ्या बायका स्वेटरला स्वेटर म्हणतात, शालीला शाल म्हणतात. नग म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या. हा शब्द तुमच्या माहेरचा आहे. मागावरच्या मजुरीचा हिशेब नगावर, विड्यांचा हजारावर; ज्या घरात आई आणि वडील दोघांचीही मजुरी मोजून यायची, त्या घरातल्या मुलीने हातातल्या कामाकडे बघताना आधी आकडा बघावा, यात नवल नाही. पण तो हिशेब पोटाचा होता. तुमच्या पोटासाठी शाळेतली नोकरी आहे, आणि तिथलं काम तुम्ही चोख करत असणार, हे पत्राच्या मांडणीवरूनच कळतं. एवढी नीट परिच्छेद पाडलेली पत्रं मला फारशी येत नाहीत.

आता वडिलांशी केलेली तुलना. मराठीत मागावरच्या कामालाही विणणं म्हणतात आणि सुयांवरच्या कामालाही, म्हणून ही दोन कामं सारखी वाटतात. तुम्ही माग जवळून पाहिलाय, तुम्हाला मी काय सांगणार, तरी आठवून बघा. ताणा, म्हणजे उभे धागे, आधीच लावलेला असतो. जॅकार्डच्या मागावर मोर काढायचा की कमळ, हे छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत आधीच ठरलेलं असतं. एकदा सगळं जुळलं की त्या ताण्यावर चादरीमागून चादर तीच निघते. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुढे चालू. जुळणीला लागलेला वेळ कितीतरी चादरींमध्ये वाटला जातो.

तुमचं काय झालं? तुम्ही दोन वर्षांत चार वेगवेगळे माग जोडायला घेतलेत. मापाचा स्वेटर, एवढ्या मोठ्या रुंदीचं ब्लँकेट, चार सुयांवर गोल फिरणारा मोजा आणि जाळीची शाल, या चारही गोष्टींना वेगळं कसब लागतं, आणि प्रत्येक तुम्ही पहिल्यांदाच करत होतात. शिकवायला शेजारी कुणी नव्हतं. वडिलांच्या पाळीशी तुलना करायचीच असेल, तर ते माग शिकत होते त्या पहिल्या महिन्यांशी करा. तेव्हा ते किती नग काढत होते, हे तुम्हाला माहीत नाही, कारण तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता.

हे झालं मनाचं. पण तुमची चार कामं चार निरनिराळ्या कारणांनी अडली आहेत, आणि 'माझ्यात चिकाटी नाही' हे त्यातलं एकही कारण नाही. म्हणून एकेक घेऊन बसू.

सगळ्यात आधी निळा स्वेटर, कारण तो तुम्हाला सगळ्यात जास्त बोचतोय. तुम्ही लिहिलंय की एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघून, त्या सांगतात तेवढेच ९० टाके घातले, त्या सांगतात तशाच आठ नंबरच्या सुया नव्या पेठेतून आणल्या, एकही टाका चुकवला नाही, तरी पाठ आखूड-अरुंद झाली. ताई, चूक तुमच्या हातात नाही, त्या आठ आकड्यात आहे. आपल्याकडे सुयांवर जो नंबर असतो तो जुन्या ब्रिटिश पद्धतीचा. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेत नेमकं उलटं: नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. ती आपल्याकडे मागायची तर सहा नंबर म्हणून मागावी लागते. दुकानदाराने तुम्ही मागितलं ते दिलं. तुम्ही व्हिडिओने सांगितलं ते मागितलं.

एका मिलिमीटरने काय होतं, ते कागदावर मांडून बघा. त्या बाईंच्या सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये साधारण १८ टाके बसत असतील, तर ९० टाक्यांची पाठ ५० सेंटिमीटर रुंद होते. बारीक सुईवर त्याच १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले, तर तेच ९० टाके जेमतेम ४१ सेंटिमीटर भरतात. पुढची बाजूही तेवढीच. म्हणजे १०० सेंटिमीटर घेराचा स्वेटर ८२ वर आला. तुमच्या पट्टीवर आकडा थोडा इकडे-तिकडे निघेल, पण जातकुळी हीच असणार.

म्हणून यापुढे नंबर विसरा, मिलिमीटर विचारा. बऱ्याच सुयांवर किंवा त्यांच्या पाकिटावर तो आकडा छापलेला असतो. आणि मोठं काम घेण्याआधी ३० टाक्यांचा एक चौकोनी तुकडा विणा, धुवा, वाळवा, मग मधोमध पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजा. हे काम अत्यंत कंटाळवाणं आहे. मी स्वतः दहातून सात वेळा टाळते आणि सातही वेळा पस्तावते.

स्वेटरचं आता काय करायचं? दोन वाटा आहेत. पहिली, उसवणं. उसवलेली लोकर कुरळी होते म्हणून लोक घाबरतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगा. खरी लोकर असेल तर बरीचशी सरळ होते. ॲक्रिलिक थोडं वळणदार राहतं, पण पुन्हा विणल्यावर फारसं जाणवत नाही. मात्र सरळ करण्यासाठी इस्त्री फिरवू नका. मी एकदा ॲक्रिलिकचा पुरा झालेला, बटणं लावलेला स्वेटर कडक गरम इस्त्रीखाली घेतला होता. दोन मिनिटांत तो उकडलेल्या पालेभाजीसारखा लोळागोळा झाला आणि कायम तसाच राहिला. तुमच्या लेबलवर काय लिहिलंय ते आधी वाचा.

दुसरी वाट मी अर्धी गमतीने, अर्धी गंभीरपणे सांगते. जाऊबाईंचा नातू दहा वर्षांचा आहे, असं तुम्ही ओघात लिहिलंय. ८२ सेंटिमीटर घेर त्याला सैलसर होईल, म्हणजे पुढचे दोन हिवाळे निघतील. लहान मुलाच्या बाह्या आखूड असतात, दोन्ही मिळून पंधरा दिवसांचं काम. स्वेटरला हात फुटले का, हे मग त्यांना घरातच बघायला मिळेल.

मुलासाठी विणायचंच असेल, तर आधी त्यालाच विचारा. "आई, पाठवू नकोस, इथे मिळतात," असं तो म्हणाला आणि तुम्ही ते मनाला लावून घेतलंत. मला त्यात नकार दिसत नाही. परदेशात एका खोलीत राहणारं पोर आईला त्रास नको म्हणून हेच म्हणणार. त्याला एवढंच सांगा: तुझा सगळ्यात आवडता स्वेटर पलंगावर सपाट पसर, काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून खालपर्यंत आणि बाहीची लांबी अशी तीन मापं टेपने घे आणि कळव. त्याने मापं पाठवली तर त्याला स्वेटर हवाय. महिनाभर टाळाटाळ केली तर खरंच नकोय, आणि तुम्ही मोकळ्या.

पिवळ्या ब्लँकेटवर मी फार शाई खर्च करणार नाही. एकाच रंगाच्या लोकरीतही प्रत्येक रंगणीचा लॉट वेगळा असतो, तो नंबर लेबलवर छापलेला असतो, आणि दोन लॉट शेजारी आले की रेघ दिसतेच. आधी कळलं असतं तर जुन्या आणि नव्या गुंड्याच्या दोन-दोन ओळी आळीपाळीने विणून फरक लपवता आला असता. आता जिथे पहिला लॉट संपतो तिथपर्यंत उसवा आणि टाके बंद करून टाका. जे हातात येईल ते दोन वर्षांच्या मुलीच्या बाहुलीला पुरेल. त्या वयाच्या मुलीला स्वतःच्या पांघरुणापेक्षा बाहुलीच्या पांघरुणाचं जास्त अप्रूप असतं. एका संध्याकाळचं काम आहे, याच रविवारी करा.

मोज्याची गोष्ट मजेशीर आहे. टाच वळवतानाचं वर्णन तुम्ही पत्रात आठ ओळी केलंय. सपाट विणता विणता अचानक वाटीसारखा आकार आला तेव्हा तुम्ही रात्री साडेअकराला मुलीला फोटो पाठवलात. दुसऱ्या मोज्याबद्दल मात्र एकच वाक्य: "मग कंटाळा आला." ताई, तुम्हाला मोजे नको होते, टाच कशी वळते ते बघायचं होतं. ते कोडं सुटलं, आता तेच पुन्हा कशाला सोडवायचं, असं हातांना वाटतंय. विणणाऱ्या बायकांमध्ये हे इतकं सर्रास आहे की एकेकटे मोजे मी बऱ्याच घरांत पाहिलेत. जोडी पुरी करायची असेल तर पहिल्याचे टाके बंद केल्या केल्या, जागेवरून न उठता, दुसऱ्याचे टाके घालायचे, हा एकच इलाज मला माहीत आहे. तुमच्या बाबतीत तर मधे वर्ष गेलंय. हाताची ओढ बदलली असेल, दुसरा मोजा सैल किंवा घट्ट येईल. पहिल्याच्या ओळी मोजून बघा, कंटाळा आला तर सोडून द्या. त्याची टाच मात्र उसवू नका. पुढच्या वेळी तीच बघून शिकाल.

राहिली मोरपिशी शाल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मला वाटतं या चारांपैकी तुमचा खरा जीव या एकाच कामात आहे. तीनदा उसवूनही चौथ्यांदा टाके घातलेत! बाकी तिन्ही बाजूला टाकल्यात, हिला टाकली नाही.

तिन्ही वेळा काय झालं ते तुमच्याच शब्दांत आहे: रात्री मालिका बघता बघता ओळ चुकली, पंधरा-वीस ओळी पुढे गेल्यावर कळलं, उलगडायला गेले तर जाळीतले टाके घसरत गेले आणि कुठे थांबावं कळेना, मग सगळीच उसवली. साध्या विणीत एखादा टाका सुटला तर तो शिडीसारखा सरळ खाली उतरतो आणि क्रोशाच्या सुईने एकेक दांडी वर ओढत आणता येतो. जाळीत तसं नाही. तिथे मुद्दाम भोकं पाडलेली, मुद्दाम दोन टाके एकत्र घेतलेले. सुटलेला टाका त्या गर्दीत कुठे गेला ते अनुभवी डोळ्यालाही चटकन दिसत नाही. तेव्हा उसवण्याची भीती घालवायची तर उसवताना थांबायला जागा हवी.

ती जागा अशी करायची. दर दहा किंवा बारा ओळींनी, भोकं नसलेली साधी उलटी ओळ झाली की, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत शिवणदोरा दुहेरी करून बोथट सुईत ओवा आणि विणकामाच्या सुईवर असलेल्या एकूण एक टाक्यातून तो आरपार न्या. दोन्ही बाजूंना वीतभर दोरा सोडा. मग नेहमीसारखं पुढे विणा. पुढे काहीही घोळ झाला तर सुई काढून घ्यायची आणि बिनधास्त ओढायचं. सगळं उसवत येऊन त्या दोऱ्यापाशी थांबतं. दोऱ्यावर बसलेले टाके पुन्हा सुईवर घ्यायचे, बारा ओळींच्या वर नुकसान नाही. नव्या बारा ओळी नीट झाल्या की नवा दोरा वर ओवायचा, जुना काढायचा.

ओळी मोजायला तुम्ही डायरीत रेघा मारता, आणि मालिकेच्या नादात रेघ मारायची राहते. दोन वाट्या घ्या. एकीत वीस शेंगदाणे. ओळ झाली की एक दाणा दुसऱ्या वाटीत. हाताला काहीतरी हलवायची सवय लागली की विसर कमी पडतो. सोलापुरात शेंगदाण्यांना तोटा नाही. फक्त ते कच्चे ठेवा, भाजलेले ठेवलेत तर ओळींचा हिशेब पोटात जाईल. आणि शालीची वीण जिथे जिथे नव्याने सुरू होते, तिथे सुईवर दोऱ्याचं छोटं कडं अडकवा. दोन कड्यांच्या मधले टाके ठरल्याप्रमाणे आहेत ना, एवढंच दर ओळीला बघायचं. चूक झाली तर ती कोणत्या दोन कड्यांमध्ये आहे हे तिथल्या तिथे कळतं, अख्खी ओळ मोजत बसावं लागत नाही.

आणि मालिकेसमोर जाळी नको. मालिकेसाठी वेगळं, बिनडोक काम ठेवा: सगळ्या ओळी सुलट, डोळे मिटून होईल असं काहीतरी. तुमच्या शपथेच्या प्रश्नाचं माझं उत्तरही इथेच आहे. सगळं पुरं होईपर्यंत नवं काही नाही, अशी शपथ घेऊ नका. तिने झालंच तर विणकाम बंद होईल. देणं फेडायला म्हणून कुणी संध्याकाळी सुया हातात घेत नाही. त्याऐवजी सुयांवर एका वेळी दोनच कामं ठेवा, एक डोक्याचं, एक बिनडोक. तिसरं सुचलं तर या दोनांतलं एक संपवा किंवा उसवून मोकळं करा. उसवून मोकळं केलेलं काम मी संपलेल्यात धरते. मनात अडकून राहिलं नाही म्हणजे झालं. भरतकाम करणाऱ्यांना, रंग आणून ठेवून कॅनव्हास कोरा ठेवणाऱ्यांना हाच आकडा चालेल. दोनाचे तीन झाले की हात फिरतो आणि काम थांबतं, असा माझा अनुभव आहे.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही अपराध्यासारखं लिहिलंय: "मार्च ते जून हात लावला जात नाही." सोलापुरात, पारा चाळिशी ओलांडून गेलेला, पंखा गरम हवा फेकतोय, आणि मांडीवर लोकरीचं ब्लँकेट? कुणी हात लावला असता तर मला काळजी वाटली असती. घामट बोटांवर ॲक्रिलिक अडकतं, टाके घट्ट येतात, कामाचा पोत बदलतो. चार महिने थांबा. फार हात शिवशिवले तर सुती दोरा घ्या आणि भांड्यांखाली ठेवायचे चौकोन विणा. सूत लोकरीसारखं ताणून परत येत नाही, अंगावरच्या कपड्यापेक्षा अशा लहान कामाला ते बरं. एक मात्र करा. काम बाजूला ठेवताना एका चिठ्ठीवर सुईचा मिलिमीटर, कितवी ओळ झाली आणि पुढची ओळ कुठली हे लिहून ती पिनेने कामाला अडकवा, आणि सुई त्यातून काढू नका. जुलैमध्ये पिशवी उघडल्यावर पहिला तास 'मी कुठे होते' यात जातो, आणि त्या तासातच बहुतेक कामं पुन्हा पिशवीत जातात. खरी लोकर असेल तर सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळी ठेवा, तिला कसर लागते. ॲक्रिलिकला ती भीती नाही.

आता दिवाणाखालची पिशवी.

यजमानांचा हिशेब बरोबर आहे. त्या पैशांत चार स्वेटर आले असते, कदाचित पाच. त्यावर वाद घालू नका, हराल. हातविणीचा स्वेटर बाजारापेक्षा स्वस्त पडतो म्हणून विणायचे दिवस कधीच गेले. पण त्यांना हे विचारा की रविवारी कंबर तलावाला फेऱ्या मारून ते किती माल काढतात, किंवा आयपीएलच्या दोन महिन्यांत त्यांचे किती नग सामने बघून पुरे झाले. हसत विचारा. मुद्दा पोचेल.

लपवण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. तुम्ही लिहिलंय की मुलीचा फोन येऊन गेला की त्या संध्याकाळी तुम्ही मोबाईलवर लोकरीचे रंग बघत बसता आणि हमखास काहीतरी मागवता. दीड वर्षात आठ-नऊ हजार झाले, असा तुमचाच आकडा आहे. तुमच्या स्वतःच्या पगारातले आहेत, खर्च करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण जो खर्च हक्काचा आहे तो दिवाणाखाली का? लपवलेली लोकर विणताच येत नाही, हा तर अगदी व्यवहाराचा मुद्दा. ती सुयांवर आली की 'ही कधी आणली?' हा प्रश्न येणार, म्हणून तुम्ही ती उघडतच नाही, आणि अडकलेल्या कामांची पिशवी डोळ्यांसमोर वाढत राहते. महिन्याचा एक आकडा ठरवा, पाचशे म्हणा, आणि तो घरात उघड सांगा. पिशवी बाहेर काढून कपाटात ठेवा. यजमान एक दिवस बोलतील. रोज दिवाणाखाली वाकून बघण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

मुलीच्या फोननंतरच्या त्या संध्याकाळींबद्दल एकच सुचवते. त्या वेळी खरेदी करण्याऐवजी तिला सांगून फोन चालू ठेवा आणि विणत बसा. तुम्ही बिनडोक काम घ्यायचं, ती तिकडे भाजी चिरेल किंवा कपडे घडी करेल. गप्पा संपल्या तरी फोन बंद करायची घाई नाही. "आईचे हात मी कधी रिकामे पाहिले नाहीत," असं तुम्ही लिहिलंय. सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या त्या बाईला कुणी विचारलं असतं, तर एखादी संध्याकाळ हात रिकामे ठेवायला ती आनंदाने तयार झाली असती, असा माझा अंदाज आहे. तुमचे राहिले, तर राहू द्या.

जाऊबाईंना काय उत्तर द्यायचं, हेही विचारलंय. "अजून नाही फुटले," एवढंच म्हणा आणि त्यांना चहा वाढा. ज्यांनी कधी टाके घातले नाहीत त्यांना टाके का उसवले हे समजावत बसू नका. नातवाला स्वेटर द्यायचं ठरवलंत तर तोही गुपचूप विणा, आधी सांगाल तर दर आठवड्याला बाहीची चौकशी होईल.

पत्राच्या शेवटच्या पानावर, कंसात, तुम्ही एक वाक्य टाकलंय. "(तसा सुरुवातीला एक मफलर झाला होता, मागच्या गड्ड्याला हे तोच गुंडाळून गेले होते.)" चार अडकलेल्या कामांना चार पानं आणि झालेल्या कामाला कंस! सगळ्या ओळी पुऱ्या, टाके बंद, दोरे आत लपवलेले, आणि जानेवारीच्या थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, सगळ्या ओळखीच्या लोकांसमोर तो गळ्यात घालून हिंडणारा माणूस कोण, तर एवढ्यात चार स्वेटर आले असते म्हणणारा. त्यांच्याकडे घरात दुसरा मफलर नसेल असं मला वाटत नाही.

निळा स्वेटर, पिवळं ब्लँकेट, राखाडी मोजा, मोरपिशी शाल; न झालेल्या प्रत्येक कामाचा रंग तुम्ही कळवलात. मफलर कोणत्या रंगाचा आहे, तेवढं लिहायचं राहिलंय. सवडीने कळवा.